कुंपणाची तार

१

तारा बदलायला आलेल्या माणसाला मी तीन प्रश्न विचारतो. वाजवतं कोण, रोज किती वेळ, आणि गिटार घरात ठेवता कुठे. गिऱ्हाईक वैतागतं. बल्ब मागितला की दुकानदार बल्ब देतो, हा कसल्या चौकशा करत बसला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. पण दहाची तार, अकराची आणि बाराची यांच्या जाडीत केसाएवढा फरक असला तरी तो बोटाला पहिल्या दिवशी कळतो आणि लाकडाला सहा महिन्यांनी. नवशिक्याला बाराची दिली की चार दिवसांत त्याची बोटं सोलतात आणि गिटार पलंगाखाली जाते. कोरड्या हाताच्या माणसाला ब्राँझची तार सहा महिने पुरते, घामट हाताचा माणूस तीच तार तीन आठवड्यांत काळी करतो. नायलॉन बोटाला त्रास देत नाही, पण आवाजात दम राहत नाही. हे सगळं ऐकून घेण्याइतका धीर नसेल त्यानं गिटार घेऊ नये, असं माझं मत आहे. कोणी विचारलेलं नाही, तरी आहे.

वाशीमला बस स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पोट भरतं ते ढोलक्या मढवण्यावर आणि भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करण्यावर. गिटारी जिल्ह्यात असून असून किती असणार! ज्या आहेत त्या बहुतेक माझ्या हाताखालून गेल्या आहेत. आणि मला एक खोड आहे. काढलेली जुनी तार मी लगेच फेकत नाही, उजेडात धरून खालून बघतो. मानेवर ज्या पितळी पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात; त्या पडद्यांवर जिथे तार रोज दाबली जाते, तिथे तिला खालून चपटा खळगा पडतो. ते खळगे पाहून वाजवणारा कुठे अडतो, करंगळी वापरतो की टाळतो, हे मी सांगू शकतो. पोरं तोंडात बोट घालतात. माझी बायको म्हणते, बाहेर फुटपाथवर पोपट घेऊन बसा, जास्त चालेल.

रिठदच्या पवनच्या तारा मात्र मी न बघता ओळखायचो. हात घामट, त्यामुळे दर महिन्याला यायचा. अकराची घ्यायचा. "अर्धा सूर उतरवून लावा काका, माहा आवाज वर नाही जात," हे दर वेळी सांगायचा, जसं काही मी विसरणार होतो. मागच्या आश्विनात तो गेला. तेविसावं चालू होतं त्याला.

२

आखाजीच्या आठ-दहा दिवस आधी, भर दुपारी, पवनचे वडील रामकिसन दुकानात आले. गोधडीत गुंडाळलेली गिटार त्यांनी तान्ह्या पोराला निजवावं तशी काउंटरवर ठेवली.

"रामराम रविभाऊ. इच्या तारा बदलून द्या. आखाजी आली. पोराची पयलीच आखाजी हाय."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, पान वाढतात. जाऊन वर्ष झालं नसेल तर घरच्यांना तो दिवस फार जड जातो. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि प्रयागबाई कशा आहेत ते विचारलं. प्रयागबाई म्हणजे पवनची आई.

रामकिसन म्हणाले, "सात महिने झाले, माह्यासंग एक शब्द नाही बोलली. सयपाक करते, ताट ठेवते, निंगून जाते. परवा भिताडाकडं तोंड करून म्हने, गिटारीच्या तारा नीट पायजेत. भिताडाले म्हनलं, पन घरात दुसरं कोन हाय? मलेच म्हनलं आसन ना?"

"तुमालेच म्हनलं," मी म्हणालो.

"म्हून तुमी चांगल्यातल्या चांगल्या लावा. तिचं मन भरलं पायजे. एखांद वेळ बोलन बी."

या माणसाला बायकोच्या तोंडून एक शब्द हवा होता आणि त्यासाठी तो भर उन्हात माझ्याकडे आला होता. प्रयागबाई का बोलत नाहीत हे सगळ्या रिठदला माहीत होतं, मलाही होतं. मागच्या आश्विनात रानडुकरांनी त्यांचं उभं सोयाबीन लोळवायला सुरुवात केली. कुंपणाच्या तारेला हलका, जीव न घेणारा झटका देणाऱ्या मशीनची बॅटरी उतरलेली. रामकिसननी एका रात्रीपुरता मोटारपंपाच्या पेटीतून सरळ करंट तारेत सोडला आणि स्वतः राखणीला मचाणावर बसले. उजाडताना त्यांचा डोळा लागला. त्याच वेळी पवन बापासाठी चहा घेऊन वावरात आला, आणि कुंपण ओलांडायला त्यानं डाव्या हातानं तार वर उचलली.

मी त्याच्या मातीला गेलो होतो. डाव्या हाताच्या चार बोटांवर, पहिल्या पेराशी, एका ओळीत चार काळे चट्टे होते. ते मी पाहिले आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही.

३

गोधडी सोडली आणि मला आधी हसूच आलं. पाच तारा पवनच्याच होत्या, गंजलेल्या. पहिली, सगळ्यात बारीक असते ती, तुटलेली होती. तिच्या जागी कोणीतरी काडेपेटीतल्या काडीएवढी जाड लोखंडी तार ओढली होती आणि खुंटीला कुंपणाला देतात तसा पकडीनं पीळ दिला होता.

"हे कोनाचं कारस्थान?"

"माहंच," रामकिसन ओशाळून म्हणाले. "तार तुटली तवा म्हनलं तिनं पाह्याच्या आंधी काहीतरी लावून द्यावं. खोलीत कुंपनाच्या तारीचं भेंडोळं पडेल होतं, त्याचा तुकडा घेतला."

"भाऊ, हे काय ढोराचं दावं हाय का? मान वाकडी होऊन जाईन हिची!"

मी पकडीनं ती तार सोडवली आणि सवयीप्रमाणे उजेडात धरली. खालून तिला खळगे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या बरोबर वर, चपटे, चकचकीत, महिनाभर रोज वाजवल्यासारखे. मी गिटार आडवी धरून पडदे बघितले. पितळ त्या दोन जागी घासून खाली बसलं होतं.

मी ती तार परत जागेवर ताणून अंगठ्यानं दाबून पाहिली. दोन्ही अंगठ्यांनी पाहिली. ती पडद्याला टेकेना. मी चाळीस वर्षं ढोलक्या ताणतो आहे, माझा अंगठा काही लोण्याचा नाही.

"वाजवते कोन ही?"

"कोनीच नाही. खिळ्याले टांगेल हाय."

जानराव पेटीवाले त्यांच्या हार्मोनियमचा भाता बदलून घ्यायला बसले होते. त्यांनी चष्मा वर करून तार बघितली आणि निकाल दिला, "काहून एवढा इचार करून राह्यला तू? कुंपनाची तार हाय. खांबाच्या चिनीमातीच्या गोटीवर घासली आसन वर्सभर. तथीच पडले खड्डे."

हे मला पटलं. खरं सांगायचं तर मी ते पटवून घेतलं. गोटीवर घासलेली तार नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर कशी बसेल आणि पितळ कशानं झिजलं, हे प्रश्न मी जानरावांना विचारले नाहीत.

मग तारा निवडायच्या होत्या. भिंतीवर टांगायच्या गिटारीला खरं तर कोणतीही चालली असती. पण मला ते काम नीट करावंसं वाटलं. अकराची पवनची होती; ती लावली तर माझ्याच हातून काहीतरी चाळवलं जाईल असं उगाच मनात आलं. मी दहाची काढली, सगळ्यात हलकी, आणि पवनच्या सवयीप्रमाणे अर्धा सूर उतरवून लावली. वाजवून दाखवली. रामकिसननी मान हलवली, डोळे पुसले.

जाताना त्यांनी कुंपणाच्या तारेचा तुकडा मागून घेतला. मी म्हटलं फेकून द्या, तर म्हणाले, "चांगली तार कोनी फेकते काय?" शेतकरी माणूस. तुकडा गुंडाळून खिशात घालताना त्यांच्या डाव्या हाताची बोटं मला दिसली. चारही बोटांच्या टोकांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, नव्या शिकाऊ पोराच्या असतात तशा.

मला एकदम सगळा उलगडा झाला. म्हातारा दुपारी कोणी नसताना पोराची गिटार खाली काढून बसत असणार आणि सांगायची लाज वाटत असणार. असं असेल तर ते खळगेही त्यांचेच. नांगर धरलेल्या हाताची ताकद माझ्या अंगठ्यात कुठून येणार? त्या दिवशी मी जेवलो, छान झोपलो.

४

आखाजीनंतर तीन आठवड्यांनी रामकिसन पुन्हा आले. गोधडी सोडायच्या आधीच मला गिटार जड लागली.

माझ्या दहाच्या तारा नव्हत्या. सहाच्या सहा ठिकाणी कुंपणाची तार होती. सहा खुंट्यांना सहा पीळ, आणि या वेळी ते पीळ नीटस होते, हात बसलेल्या माणसाचे.

"मी नाही लावल्या," मी विचारायच्या आत ते म्हणाले. "आईची आन. थेच लावते, पवनची माय."

मी गिटार मांडीवर घेतली. सहा तसल्या तारांच्या ताणानं मान धनुष्यासारखी व्हायला हवी होती, तारांखालची घोडी उखडून निघायला हवी होती. मान सरळ होती. मी नखानं एकेक तार छेडली. तसली जाड तार सुरात येतच नाही. तिला ओढायचं म्हटलं तर आधी लाकूड फुटेल. त्या सहाही सुरात होत्या. अर्धा सूर उतरवून.

प्रयागबाईंनी आयुष्यात कधी गिटार सुरात लावली नव्हती. मी स्वतःला म्हटलं, पवनच्या मोबाइलमध्ये सूर लावायचं ॲप असेल, बाईंनी ते बघून लावली असेल. म्हटलं आणि थांबलो, कारण सूर कळून उपयोग काय, ताण कुठून आणायचा?

चहा मागवला. रामकिसननी ग्लास उजव्या हातात धरला. डावा हात त्यांनी मांडीखाली ठेवला होता. मी तो मागितला, जरा दमात घेऊनच मागितला. त्यांनी पुढे केला. पांढऱ्या रेघा आता पांढऱ्या राहिल्या नव्हत्या. चार बोटं, पहिल्या पेराशी, एका ओळीत चार तपकिरी चट्टे. इस्त्रीचा चटका बसल्यावर कातडी होते तशी कातडी.

"भाऊ, तुमी वाजवता काय ही? खरं सांगा."

"मले काय येते वाजवाले? दुपारी जेवन झालं का ओसरीत पडतो, उठून पाह्यतो त हे."

"डाक्टरले दाखवलं?"

"राहू द्या." मग ते माझ्याकडे वाकले. इतका वेळ मी त्यांना दुःखी समजत होतो, पण त्यांच्या तोंडावर काहीतरी वेगळंच होतं. एखाद्या नव्या नवरदेवानं गुपित सांगावं तसे ते बोलत होते. "रविभाऊ, आता थे माह्यापाशी येऊन बसते. दुपारी, मी झोपलो का. उशाशी बसते येऊन. मी डोये नाही उघडत. उघडले त उठून जाईन."

"बोलल्या काही?"

"बोलत नाही अजून. पन बसते ना?" त्यांनी चहा संपवला. "तुमी तारातले जानकार. मले एवढंच सांगा, कोनत्या तारा लावल्या म्हंजे थे बोलन?"

असला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्या कुंपणाच्या तारांना हात लावला नाही. म्हटलं, गिटार घेऊन जा, गुरुवारी दुकान बंद असतं, मी घरी येतो आणि बाईंनाच विचारतो. ते गेल्यावर मी आतून दार लावून घेतलं आणि बराच वेळ माझीच बोटं उजेडात धरून बघत बसलो.

५

गुरुवारी रिसोड गाडीनं रिठदला उतरलो तेव्हा एक वाजला होता. पिशवीत तीन पाकिटं होती, दहाची, बाराची आणि नायलॉन. पकड होती. वैशाखातली दुपार, गावात कुत्रंही रस्त्यावर नव्हतं.

रामकिसनचं घर साधं. पत्र्याची ओसरी, मधली खोली, मागे स्वयंपाक. अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग आणि पाण्याचा रांजण. ओसरीत चटईवर रामकिसन उताणे झोपले होते, डोळे मिटलेले, डावा हात अंगापासून लांब, तळवा वर. मी पायरी चढलो तरी हलले नाहीत.

प्रयागबाईंनी पाण्याचा गडवा आणून दिला. ठेंगणी, सुकलेली बाई, पण चेहरा शांत. मी समजत होतो तशी ती रडवेली किंवा रागावलेली नव्हती. मला त्यांनी मधल्या खोलीत बसवलं, दारासमोर. तिथून ओसरी दिसत होती. समोरच्या भिंतीवर पवनचा फोटो, त्याच्या बाजूला खिळ्याला गिटार.

"प्रयागबाई, त्या तारा मले बदलू द्या," मी म्हणालो. "थ्या चांगल्या नाहीत."

"बसा थोडसाक," त्या म्हणाल्या. "येय झालीच हाय."

कशाची वेळ, हे मी विचारलं नाही. वीज गेलेली होती, त्यामुळे पंखा नव्हता, कूलर नव्हता. उन्हानं ताणलेला पत्रा मधूनच टक्कन वाजत होता. मी ते आवाज मोजत बसलो. उन्हात पत्रा ताणतो, तार सैल पडते, लाकूड हलतं, असल्या घरात भिंतीवरचं वाद्य आपोआप कुरकुरलं तर त्यात काही नवल नाही. मी हे स्वतःला मनातल्या मनात व्याख्यान दिल्यासारखं सांगत होतो.

मग पहिला सूर वाजला. पत्र्याचा नव्हता तो.

मी गिटारीकडे बघितलं. पहिली तार थरथरत होती. ती थांबली. आणि मग तिसऱ्या पडद्याजवळ ती तार खाली गेली. सावकाश गेली, बोटानं दाबल्यासारखी, पडद्याला टेकेपर्यंत, आणि तिथे थांबली. माझ्या दोन अंगठ्यांनी जी टेकली नव्हती ती.

मला तिकडे बघवेना म्हणून मी मान वळवली आणि दारातून ओसरी दिसली. रामकिसनचा हात चटईवर तसाच उघडा होता. त्याच्या अनामिकेच्या टोकाला कातडीत एक रेघ आत चालली होती. बोटाखाली काही नव्हतं, बोटावर काही नव्हतं. टोक पांढरं पडलं, मग रेघेच्या कडेनं लाल झालं. गिटारीतून सूर आला. थोडा खरखरीत, नवशिक्याचा.

एक बोट सुटलं, दुसरं दबलं. दुसरा पडदा. सूर.

रामकिसनचे डोळे मिटलेलेच होते. फक्त मिटलेल्या पापण्यांच्या कडेनं पाणी कानाकडे गेलं.

६

मी उठलो, गिटार खिळ्यावरून ओढली आणि पकडीनं एक-एक पीळ सोडवला. घाईत दोनदा पकड माझ्याच बोटात रुतली. प्रयागबाईंनी मला अडवलं नाही. त्या समोर बसून बघत राहिल्या, मन लावून, एखादी सुगरण दुसरीची रीत बघते तसं.

सहाही तारा कोपऱ्यात फेकल्या आणि पिशवीतून नायलॉनचं पाकीट काढलं. दहाची नाही, बाराची नाही. घरात लोखंड नको, एवढंच डोक्यात होतं. अर्धा तास लागला. घरात काही वाजलं नाही. पत्राही गप्प झाला होता. सहावी तार ओढून झाल्यावर मी ओसरीकडे बघितलं. रामकिसनची बोटं सैल पडली होती आणि त्यांच्यात रंग परत आला होता.

"आता यायचा हात वाचन?" प्रयागबाईंनी ओसरीकडे बोट करून विचारलं.

"वाचन."

"अन् थो?" त्यांनी पवनच्या फोटोकडे बघितलं.

पाकिटावर तारेची जाडी लिहिलेली असते, बाकी काही लिहिलेलं नसतं. मी म्हणालो, "बाई, आखाजी झाली. पान वाढलं. आता जाऊ द्या त्याले."

मला वाटलं त्या रडतील, मला ते हवंही होतं. पण त्या बोलल्या तेव्हा आवाज साधा होता, शेजारणीला पापडाचं पीठ सांगावं तसा.

"तुमच्या पयल्या तारा लावल्या तवा बी थो आल्ता, रविभाऊ. पन दूर, वावराच्या धुऱ्यापलीकडून आल्यासारखा. कानाले लय ताण द्या लागे. मंग मी थ्या काढल्या अन् ही तार लावली, त थो घरात आला. अथी बसते. त्याले समदं वाजवता येते, तुमाले माईत हाय. पन यायचे बोटं पडले म्हातारे, कडक. दोन-तीन सूर निंगते अन् दमते. म्हून हळू चालून राह्यलं. शिकतीन."

"बाई, मरतीन भाऊ! त्या बोटायचा रंग पाह्यला काय तुमी? तसाच पवनच्या..."

"पाह्यला. रोज पाह्यला."

मला राग आला. भीतीपेक्षा मोठा राग आला, आणि त्या रागानंच मला तिथे उभं ठेवलं. मी म्हणालो, मी या तारा काढू देणार नाही, त्या कुंपणाच्या तारेचं भेंडोळं मी घेऊन जाणार, तुम्हाला सूड घ्यायचा असेल तर सरळ पोलिसात जा, माणसाला असं झोपेत मारू नका.

"झोपेत नाही," ओसरीतून आवाज आला.

रामकिसन तसेच पडून होते. डोळे मिटलेले. ओठ तेवढे हलले. "मी जागाच आस्तो, रविभाऊ. रोज जागा आस्तो. काढा थ्या नव्या तारा. तिच्या मनासारखं करा."

प्रयागबाईंनी ओसरीकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. इतके दिवस त्या झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसत होत्या, आणि तो जागा होता. चेहऱ्यावर काय आलं ते मला वाचता आलं नाही. तारेखालचे खळगे वाचणारा मी, समोरच्या बाईचं तोंड मला वाचता आलं नाही.

मग त्यांनी माझ्या मांडीवरून गिटार घेतली. नायलॉनची पहिली तार त्यांनी खुंटी फिरवून सोडली, मी लावली होती त्याच्या बरोबर उलट, एकही वेढा न चुकता. कोपऱ्यातून लोखंडी तार उचलली. पकड माझ्या पायाशी पडलेली होती. मी ती उचलायला हवी होती. मी पिशवी उचलली, पाकिटं उचलली आणि पकड तिथेच ठेवून बाहेर पडलो. विसरलो, असं मी बायकोला सांगितलं आहे. मी विसरलो की मुद्दाम ठेवली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अंगणात रांजणापाशी येऊन उभा राहिलो. आतून पकडीचा आवाज आला, एक पीळ, दोन पीळ, तीन. मग प्रयागबाई ओसरीत आल्या. मी अजून तिथेच आहे याची त्यांना जाणीवही नव्हती. त्या नवऱ्याच्या उशाशी बसल्या, त्याचा डावा हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मिटलेलं एकेक बोट हलकेच उघडून सरळ केलं. इतक्या मायेनं केलं, की मी कोणाचा हात कोणी असा धरलेला फार वर्षांत पाहिला नव्हता.

रामकिसननी डोळे उघडले. त्या उठून गेल्या नाहीत. सात महिने केव्हाच उलटले होते, आणि आता त्या त्यांच्याकडे बघून बोलल्या.

"दुखलं तरी हात हालवू नका," त्या म्हणाल्या. "पोरगा येऊन राह्यला."

"बरं," रामकिसन म्हणाले.